खुराड्याला वरही खिडकी हवी

उष्णता वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी जाते, हे वाक्य पाठ नसलेला विद्यार्थी महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. परीक्षेत तिन्ही मार्गांची एकेक उदाहरणेही तो बिनचूक लिहितो : चहातला चमचा, पातेल्यातले उकळते पाणी आणि सूर्य. त्याच विद्यार्थ्याच्या घरामागे, परसात, कोंबड्यांचे एक खुराडे असते. चारही बाजूंना विटांची बंद भिंत, वर पत्रा, आणि पुढे कोंबडी वाकून जाईल एवढे दार. मे महिन्यात एखाद्या सकाळी दार उघडले, की दहातल्या आठच कोंबड्या बाहेर येतात. घरातले म्हणतात, "रोग आला."

रोग येतोही. राणीखेतची लस वेळच्या वेळी टोचून घ्यावी, याबद्दल दुमत नाही. पण प्रत्येक उन्हाळी मरणाचा दोष रोगाला देऊन आपण मोकळे होतो आणि खुराड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. पाठ्यपुस्तकातले ते वाक्य आणि परसातले ते खुराडे यांची गाठ कधी पडतच नाही. ती पडली पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. प्रश्न लहान नाही. परसातल्या दहा कोंबड्या म्हणजे पुष्कळ घरांत बाईच्या हातात येणारा हक्काचा पैसा असतो. त्यातून वह्या येतात, औषध येते, पाहुण्याचा पाहुणचारही होतो.

खुराडे की तिजोरी?

आपण खुराडे बांधतो ते मुंगसाच्या, रानमांजराच्या आणि चोराच्या भीतीने. भीती खरी आहे. पण तिच्यापोटी आपण घर न बांधता तिजोरी बांधतो. तिजोरीतला ऐवज श्वास घेत नाही, कोंबडी घेते. मी अनेक गावांत खुराडी पाहिली आहेत. पाच-दहा खुराड्यांतून एखाद्यालाच वरच्या बाजूला झरोका आढळतो. एका योजनेत वाटलेली तयार खुराडीही पाहिली : सगळीकडून पत्रा, आणि हवेसाठी म्हणून दारालाच पाडलेली सहा भोके. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण त्याच्याही शाळेत अभिसरणाचा पाठ झालेला होताच ना?

कोंबडीला घाम येत नाही

प्रथम कोंबडीचे शरीर समजून घेऊ. तिच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. आपल्याला हा सणसणीत ताप वाटेल, पण तिचे ते नेहमीचेच. दोन किलो वजनाच्या कोंबडीच्या शरीरात अन्नाच्या ज्वलनातून दर सेकंदाला सुमारे १० ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे एक कोंबडी ही १० वॅटची शेगडी होय. दहा कोंबड्या म्हणजे जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा एक पिवळा दिवा, रात्रंदिवस जळणारा.

ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. हवा २५ अंशांवर असेल तर काही अडचण नाही. कोंबडी आणि हवा यांच्यात सोळा-सतरा अंशांचा फरक असतो, आणि तुरा, गलोल, उघडे पाय व पंखांखालची विरळ पिसांची जागा यांतून उष्णता सहज निघून जाते. उन्हात कोंबडी पंख अंगापासून दूर धरून उभी राहते, ती याचसाठी. पण हवा जसजशी तापते तसतसा हा फरक कमी होतो. विदर्भात पारा ४२ वर गेला की फरक शून्यावर येतो. वहन आणि अभिसरण यांनी उष्णता द्यायची कोणाला? हवाच तिच्याइतकी गरम झालेली असते. त्यातून डोक्यावरचा पत्रा ६०-६५ अंशांवर तापलेला असेल, तर प्रारणाने उष्णता बाहेर जाण्याऐवजी उलट अंगावर येते. पाठातले तिन्ही मार्ग बंद झाले.

उरतो चौथा मार्ग, बाष्पीभवनाचा. माणसाला तो घामाने मिळतो. कोंबडीला घर्मग्रंथीच नाहीत. म्हणून ती चोच उघडून धापा टाकते. एरवी मिनिटाला वीस-तीसदा चालणारा श्वास धापा टाकताना दोनशेच्या घरात जातो. श्वासमार्गातल्या ओलाव्याचे बाष्प होते आणि एक ग्रॅम पाण्याचे बाष्प होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता जाते. १० वॅटची सगळी उष्णता अशा रीतीने घालवायची, तर कोंबडीला तासाला १५ ग्रॅम पाणी बाष्परूपाने सोडावे लागेल. उन्हाळ्यात तिला थंड पाणी सतत का हवे, ते या आकड्यावरून ध्यानात यावे.

धापा टाकणे फुकट मात्र होत नाही. त्यासाठी स्नायूंना काम करावे लागते आणि त्या कामाचीही उष्णता होते. शिवाय जलद श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो. अंड्याचे कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते, आणि त्यातले कार्बोनेट रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासूनच येते. म्हणून उन्हाळ्यात पातळ कवचाची, हातात घेताच फुटणारी अंडी मिळतात. फुटके अंडे हा कोंबडीने दिलेला पहिला इशारा समजावा. एवढे करूनही शरीराचे तापमान चढत राहिले आणि ४६-४७ अंशांना पोहोचले, की कोंबडी वाचत नाही.

बंद खुराड्यातला हिशेब

आता एक हिशेब करू. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच असे खुराडे घ्या. आत हवा दीड घनमीटर, कोंबड्या दहा. मे महिन्यातली विदर्भातली तिन्हीसांजा. हवा ४० अंश, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. ४० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ५१ ग्रॅम बाष्प मावते. आत्ता त्यात १० ग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येक घनमीटरात ४१ ग्रॅमची जागा शिल्लक, आणि सगळ्या खुराड्यात साधारण ६१ ग्रॅमची.

दहा कोंबड्या तासाला १५० ग्रॅम बाष्प सोडतात. ६१ ला १५० ने भागा. सुमारे पंचवीस मिनिटांत आतली हवा बाष्पाने काठोकाठ भरली! आता धापा टाकून काय उपयोग? बाहेरची कोरडी हवा श्वासात घेऊन उच्छ्वासाने सोडली, तर दर घनमीटरामागे ४४ ग्रॅम बाष्प निघून जाते. खुराड्यातली ती संपृक्त हवा जेमतेम ३ ग्रॅम नेते. श्वास तोच, मेहनत तीच, फायदा पंधराव्या हिश्श्याहून कमी. खऱ्या खुराड्याला फटी असतात, म्हणून पंचवीस मिनिटांऐवजी जास्त वेळ लागेल. पण दिशा बदलत नाही. विदर्भातल्या कोरड्या हवेत आपण कोंबड्यांसाठी स्वतःच्या हाताने दमट कोठडी तयार करतो.

छपराचे गणित

कोंबड्यांची स्वतःची उष्णता १०० वॅट. सूर्याची किती? भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट ऊन पडते. दीड चौरस मीटरच्या छपरावर १५०० वॅट. जुना, गंजलेला पत्रा त्यातला तीन-चतुर्थांश भाग तरी शोषून घेतो. यातली बरीच उष्णता वरच्या वाऱ्याने जाते, पण सगळी नाही. जोसेफ स्टेफान याने १८७९ साली मांडलेला नियम तुम्ही पुढे शिकाल : तापलेल्या पृष्ठभागाचे प्रारण त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. या नियमाने ६५ अंशांचा पत्रा दर चौरस मीटरला सुमारे ७४० वॅट प्रारण सोडतो आणि ४२ अंशांचा पृष्ठभाग सुमारे ५६०. फरक १८० वॅटचा. दीड चौरस मीटरला तो २७० वॅट होतो. पत्रा आदर्श प्रारक नसतो म्हणून थोडे वजा करा. तरीही दहा कोंबड्यांच्या डोक्यावर आणखी वीस-पंचवीस अदृश्य कोंबड्या बसवल्यासारखेच हे झाले.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे, की पंख्याचा विचार करण्याआधी सावलीचा करावा. पत्र्याच्या वर वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा, पऱ्हाट्यांचा किंवा कडब्याचा दुसरा थर टाकावा. ऊन वरच्या थरावर अडते आणि मधल्या पोकळीतून वारा उष्णता घेऊन जातो. (हा थर चुलीपासून आणि ठिणगीपासून दूर असावा.) तेवढेही जमत नसेल तर पत्र्याला चुन्याचे दोन हात द्यावेत. ताजा पांढरा चुना बहुतेक ऊन परत फेकतो. आणि कडुनिंबाखाली जागा असेल तर खुराडे तिथेच न्यावे. त्याच्याहून स्वस्त छप्पर नाही.

भिंतीचाही वाटा असतोच. पत्रा दिवसा लवकर तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. नऊ इंची विटेच्या भिंतीला मात्र उष्णता आत पोहोचवायला सहा-आठ तास लागतात. दुपारी दोनचे ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत रात्री नऊ-दहाला आतून तापते, नेमक्या त्या वेळी कोंबड्या आत कोंडलेल्या असतात. म्हणून खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. पश्चिमेकडे आखूड बाजू येते आणि लांब भिंतींना दक्षिणोत्तर झरोके ठेवता येतात.

दोन झरोके, एक खाली आणि एक वर

उलटा धरलेला तांब्या पाण्यात बुडवला तर आतली हवा बाहेर जात नाही, हा प्रयोग तुम्ही केला असेल. हलकी हवा वर अडकते. खुराड्यात हेच घडते. गरम आणि दमट हवा हलकी होऊन वर चढते आणि पत्र्याखाली साठते. दार खाली असल्याने ती निघू शकत नाही. दाराला सहाच्या जागी साठ भोके पाडली तरी पत्र्याखालची हवा तिथेच राहणार. उच्छ्वासाच्या हवेला वर वाट हवी, आणि तिची जागा घ्यायला ताज्या हवेला खालून वाट हवी.

समजा, खालचा आणि वरचा झरोका यांत एक मीटरचे अंतर आहे, प्रत्येकाचा आकार ४० सेंटीमीटर बाय २५ सेंटीमीटर आहे, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा फक्त तीन अंशांनी गरम आहे. वाऱ्याची झुळूकही नाही. तरी घनतेतल्या फरकामुळे दर सेकंदाला सुमारे १८ लिटर हवा वाहू लागते. दीड घनमीटरचे खुराडे साधारण दीड मिनिटात नव्या हवेने भरते. पंचवीस मिनिटांत दमट होणारी हवा दर दीड मिनिटाला बदलली, तर ती दमट होणार कधी? यासाठी वीज लागत नाही. कोंबड्यांचीच उष्णता हे इंजिन चालवते.

मात्र या इंजिनाची मर्यादाही सांगायला हवी. प्रवाहाचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट करायचा तर उंची चौपट लागेल. त्यामानाने माणसाच्या सावकाश चालीएवढा, सेकंदाला एक मीटरचा वारा समोरासमोरच्या झरोक्यांतून दुप्पट-तिप्पट हवा नेतो. म्हणून झरोके वरखाली हवेत तसेच समोरासमोरच्या भिंतींनाही हवेत. वारा असला तर वाऱ्याने काम व्हावे, आणि निवांत रात्री, जेव्हा पानही हलत नाही, तेव्हा उंचीने.

पाणी शिंपडावे का?

या प्रश्नाचे एकच उत्तर साऱ्या महाराष्ट्राला देता येत नाही. अकोल्याला ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक २३-२४ अंश दाखवतो. म्हणजे बाष्पीभवनाने हवा अठरा अंशांपर्यंत निववता येते. नागपूरकरांचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच फरकावर चालतो. तिथे दुपारी वाऱ्याच्या बाजूच्या झरोक्यावर ओले गोणपाट जरूर लावावे. किंबहुना हवा ४२ च्या पुढे गेल्यावर कोरडा झोत अंगावर घेणे कोंबडीला हानिकारकच, कारण अशी हवा उष्णता नेत नाही, देते. सूर्य मावळला की गोणपाट काढून झरोके मोकळे करावेत.

रत्नागिरीला ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २९ च्या आसपास थांबतो. फरक जेमतेम पाच अंशांचा. तिथे पाणी शिंपडून दमटपणाच वाढतो. कोकणात खुराड्याची भिंत जितकी जाळीची तितकी चांगली. वर झापांचे छप्पर असले की पुरे.

आणि जमिनीवर पाणी कुठेच शिंपडू नये. ओल्या विष्ठेतून अमोनिया निघतो. त्याने कोंबड्यांचे डोळे आणि श्वासनलिका बिघडतात. खुराड्यात डोके घातल्यावर आपल्या नाकाला झोंबले, तर कोंबडीला ते रात्रभर झोंबत होते असे समजावे.

पाण्याचा हिशेबही करून पाहा. एक लिटर पाण्याचे बाष्प झाले तर दहा कोंबड्यांची साडेसहा तासांची उष्णता जाते. पण तेच पाणी तापलेल्या पत्र्यावर ओतले, तर त्याने शोषलेल्या उन्हापुढे ते पाऊण तासही पुरत नाही. ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे छपरावर पाणी ओतण्यापेक्षा सावली करणे शहाणपणाचे.

काही आक्षेप

"झरोके ठेवले तर मुंगूस येईल." झरोका म्हणजे भगदाड नव्हे. अर्धा इंची चौकोनाची, जाड तारेची जाळी खिळ्यांनी आणि पट्टीने घट्ट बसवली की मुंगूस अडतो. अशा जाळीची तार एक मिलिमीटर जाड असली तरी पंच्याऐंशी टक्के जागा हवेला मोकळी राहते. डासांची बारीक जाळी मात्र लावू नये. धुळीने ती महिन्याभरात बुजते.

"थंडीत काय करायचे?" थंडीत खालच्या झरोक्याला पोते लावावे. वरचा कधीही बंद करू नये. पिसांचे पांघरूण घेतलेल्या मोठ्या कोंबडीला आपल्याकडची थंडी सहसा बाधत नाही, दमट हवा बाधते. थंडीत सकाळी पत्र्याच्या आतून पाण्याचे थेंब लोंबताना दिसले, तर वरचा झरोका लहान पडतो आहे एवढे खुशाल ओळखावे. लहान पिलांची ऊब वेगळी करावी.

"आमच्या आजीच्या कोंबड्यांना कुठे होते झरोके?" हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. आजीच्या कोंबड्या रात्री बांबूच्या डालग्याखाली असत. डालगे म्हणजे चारही बाजूंनी झरोकेच. नाहीतर त्या कुडाच्या भिंतीच्या, गवती छपराच्या खोपटात असत, किंवा झाडावर. विटा आणि पत्रे आपण आणले, कुडातून वाहणारी हवा मात्र बरोबर आणली नाही. शिवाय आजीची कोंबडी किलो-सव्वा किलोची होती. आज पुष्कळ घरी वनराज, गिरिराज अशा जड सुधारित जाती आहेत. वजन दुप्पट झाले तर शरीराचा पृष्ठभाग दुप्पट होत नाही, सुमारे १.६ पट होतो. उष्णता जास्त आणि ती टाकायची जागा त्यामानाने कमी. जात सुधारली, मग खुराडे का सुधारू नये?

शिक्षकांना विनंती

आमच्याकडे महाविद्यालयात येणाऱ्या मुलांना अभिसरणाची व्याख्या येते. पण खुराड्याला झरोका कुठे ठेवावा असे विचारले, तर ती "अभ्यासक्रमात नाही" म्हणतात. दोष मुलांचा नाही. आपण प्रश्नच तसा विचारला नाही. मला वाटते, उष्णतेच्या पाठाचा शेवट चहाच्या चमच्यावर न होता खुराड्यावर व्हावा.

प्रयोग सोपा आहे. पत्र्याचे दोन सारखे डबे घ्या. एकाला फक्त तळाशी, समोरासमोर दोन भोके पाडा. दुसऱ्याला तेवढीच दोन भोके, पण एक तळाशी आणि एक झाकणाजवळ. प्रत्येकात ९ वॅटचा एक एलईडी दिवा लावा. विजेची जवळजवळ सगळी ऊर्जा बंद डब्यात अखेर उष्णताच होते, तेव्हा हा दिवा म्हणजे आपली एक कोंबडी. डब्याच्या वरच्या भागात तापमापक अडकवून अर्धा तास दर पाच मिनिटांनी नोंद घ्या आणि आलेख काढा. खालच्या भोकाशी उदबत्ती धरून धूर कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते पाहा. वायरीचे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. नंतर एका डब्याच्या वर चुना लावून दोन्ही डबे उन्हात ठेवा आणि पुन्हा आकडे घ्या.

मग तापमापक घेऊन प्रत्येकाने आपापल्या घरच्या खुराड्याकडे जावे. संध्याकाळी सात, आठ आणि नऊ वाजता आतले व बाहेरचे तापमान मोजावे. आत तीन-चार अंशांहून जास्त फरक दिसला, तर ती वही घरातल्या मोठ्यांना दाखवावी आणि पत्र्याखालच्या दोन विटा काढून तिथे जाळी लावायला सांगावे. खर्च फारसा नाही. हे काम मार्चमध्येच उरकले, तर मे महिन्यात सकाळी दार उघडताना कोंबड्या मोजण्याची धास्ती उरणार नाही.